केसांचें मार्दव व घरगुती उपाय

केस हें शरीराचें मोठें भूषण आहे, ही आपल्या समाजाची समजूत फार जुनी आहे. आणि म्हणूनच केसांविषयीं जितका उपदेश घरोघरीं ऐकूं येतो तितका दांतांविषयीं किंवा डोळ्यांविषयीं क्वचितच ऐकूं येतो. आजी सांगते, खोबरेल लावा; मावशी सांगते, अंडें लावा; शेजारीण सांगते, दहीं लावा; आणि हल्लीं मोबाइलच्या पडद्यावर कोणी ना कोणी अनोळखी मनुष्य दररोज कांद्याचा रस चोळावयास सांगत असतो. यांपैकीं कोणाचें ऐकावें, असा प्रश्न शाळेंतील मुली मला नेहमीं विचारतात. मुलगेही विचारतात, परंतु एकटे गांठून व हळू आवाजांत. त्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां येण्याजोगें नाहीं. कारण वर सांगितलेल्या उपायांपैकीं कांहीं खरोखरच उपयोगी आहेत, कांहीं निरुपद्रवी परंतु निरर्थक आहेत, आणि एकदोन तर घातक आहेत. ते निवडावे कसे, हें कळण्यासाठीं प्रथम केस म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे.

डोक्याच्या त्वचेंत सुमारें एक लाख बारीक खळग्या असतात, व प्रत्येक खळगीच्या तळाशीं केसाचें मूळ असतें. तें मूळ जिवंत असतें. तेथें रक्त पोहोंचतें, आणि रक्तानें आणलेल्या द्रव्यांतूनच केस घडतो. परंतु एकदां तो त्वचेच्या बाहेर आला कीं त्यांत जीव म्हणून उरत नाहीं. म्हणूनच कात्रीनें केस कापतांना आपणांस कांहीं वाटत नाहीं, आणि तोच मुळापासून उपटला तर डोळ्यांत पाणी येतें. बाहेरचा केस हा केराटिन नांवाच्या प्रथिनाचा एक तंतु होय. मेंढीची लोकर व आपलीं नखें हींही त्याच जातीच्या द्रव्याचीं बनलेलीं आहेत. लोकरीच्या शालीस कोणी अन्न भरवीत नाहीं. त्याचप्रमाणें वेणीलाही अन्न भरवितां येत नाहीं. जाहिरातींत "केसांचें पोषण" हे शब्द आले कीं आमच्या विद्यार्थ्यांनीं हें आठवावें.

केस महिन्यास साधारणपणें एक सेंटिमीटर वाढतो. ज्या मुलीची वेणी साठ सेंटिमीटर लांब आहे, तिच्या वेणीचें टोक सुमारें पांच वर्षांचें जुनें असतें. दहावींतील मुलीनें आपल्या वेणीचें टोक हातांत घेऊन पाहावें: तें ती पांचवींत असतांना उगवलेलें आहे. तेव्हांपासून त्यानें पांच उन्हाळे सोसले, शेंकडो वेळां न्हाण पाहिलें, हजारों वेळां फणीचे दांत खाल्ले, आणि इतक्या काळांत स्वतःची दुरुस्ती करण्याचें कोणतेंही साधन त्याजजवळ नव्हतें. टोकें राठ कां होतात व त्यांना दोन फाटे कां फुटतात, याचें निराळें कारण शोधण्याची गरज नाहीं. फाटलेलें टोक कोणत्याही लेपानें पुन्हा सांधत नाहीं. तें कात्रीनें काढावें हेंच बरें.

या तंतूची रचना मात्र मोठी सुंदर आहे. कौलारू घराच्या छपरावर कौलें जशीं एकावर एक चढवून बसविलेलीं असतात, तशा अतिशय पातळ खवल्या केसावर सर्व बाजूंनीं बसविलेल्या असतात. कौलांचीं तोंडें जशीं वळचणीकडे, तशीं या खवल्यांचीं तोंडें केसाच्या टोकाकडे असतात. एक गळलेला लांब केस घेऊन तो चिमटींत धरावा व मुळाकडून टोकाकडे बोटें सरकवावीं. नंतर टोकाकडून मुळाकडे सरकवावीं. दुसऱ्या खेपेस बोटांस कांहींसा खरखरीतपणा जाणवतो. खवल्या चपट बसलेल्या असल्या म्हणजे केसावर प्रकाश सारखा पडून परततो, व केस चकाकतो. एक केस दुसऱ्यावरून निसटतो, व गुंता होत नाहीं. त्याच खवल्या उचलल्या गेल्या, मोडल्या किंवा झिजल्या, म्हणजे केस निस्तेज दिसतो आणि एकमेकांत अडकतो. मार्दव आणणाऱ्या प्रत्येक उपायाचें काम एवढेंच कीं, या खवल्या जागच्या जागीं राहाव्या, आणि ज्या झिजल्या असतील त्यांवर एक निसरडें आवरण बसावें.

खवल्या उचलल्या जाण्याचें एक मोठें कारण म्हणजे क्षार. हें आपल्या स्वयंपाकघरांतच सिद्ध करून पाहतां येतें. हळदीची पूड गरम पाण्यांत कालवून ती टीपकागदावर सारवावी व कागद सावलींत वाळवावा. मग त्याच्या पट्ट्या कापून एकीवर लिंबाचा रस, दुसरीवर दह्यावरचें पाणी, तिसरीवर शिकेकाईचें पाणी, चौथीवर कपडे धुण्याच्या साबणाचें पाणी आणि पांचवीवर धुण्याच्या सोड्याचें पाणी यांचा एकेक थेंब टाकावा. पहिल्या तीन पट्ट्या पिवळ्याच राहतात; शेवटच्या दोन तांबड्या होतात. हळदीवर चुन्याची क्रिया करून कुंकू करीत असत तें याच गुणावर. जें द्रव्य हळदीस तांबडें करतें तें केसासही फुगवितें व त्याच्या खवल्या उघडतें, एवढी खूणगांठ आपण बांधून ठेवावी. खाण्याचा सोडा केसांस लावण्याची एक नवी टूम अलीकडे निघाली आहे. तो धुण्याच्या सोड्याहून पुष्कळच सौम्य असला तरी त्याच जातीचा क्षार आहे. त्यानें तेलकटपणा जातो खरा, परंतु केस हळूहळू गवतासारखे होतात. सोड्याचें स्थान ढोकळ्यांत आहे.

आपल्या पठारावरील विहिरींचें व बोअरचें पाणी बहुधा जड असतें, म्हणजे त्यांत चुन्याचे अंश असतात. अशा पाण्यांत साबणानें न्हालें असतां साबण व चुना मिळून एक चिकट साका होतो, आणि तो केसांवर बसतो. पुष्कळ मुलींना वाटतें कीं आपले केसच वाईट. परंतु त्यांच्या केसांचा दोष नसून साबण व पाणी यांच्या संयोगाचा तो दोष असतो. पावसाळ्यांत पागोळीचें पाणी धरून त्यानें एकदां न्हाऊन पाहावें म्हणजे खात्री होईल.

आतां तेलाकडे वळूं. सर्व घरगुती उपायांत ज्याचा गुण प्रयोगानें चांगला सिद्ध झाला आहे असा उपाय म्हणजे आपलें साधें खोबरेल. केस पाण्यांत भिजला कीं फुगतो, आणि वाळला कीं आकसतो. वारंवार फुगण्या-आकसण्यानें त्याच्या खवल्या सैल होतात, आणि धुतांना व विंचरतांना त्यांतील प्रथिन थोडथोडें निघून जातें. खोबरेलांतील मुख्य द्रव्याचे कण लहान व सरळ असल्यामुळें तें केसाच्या आंत शिरूं शकतें, व आंत गेलेलें तेल पाण्यास वाट देत नाहीं. अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथें वस्त्रांच्या तंतूंचें संशोधन करणारी एक संस्था आहे. तेथें झालेलें या विषयावरील काम २००१ सालीं प्रसिद्ध झालें, व त्यांत खोबरेलाचा अंश केसाच्या आंत सांपडला, खनिज तेलाचा सांपडला नाहीं. केसाची परीक्षा कापडाच्या तंतूंची परीक्षा करणाऱ्यांनीं करावी, हें मला मोठें समर्पक वाटतें. पुढें २००३ सालीं मुंबईच्या संशोधकांनीं खोबरेल, सूर्यफुलाचें तेल व खनिज तेल या तिहींची तुलना प्रसिद्ध केली. प्रथिनाचा नाश लक्षांत येण्याइतका कमी केला तो एकट्या खोबरेलानें. हे संशोधक मॅरिको या खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे होते, आणि प्रिन्स्टनच्या कामांतही त्यांचा भाग होता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. विक्रेत्यानें आपल्या मालाविषयीं सांगितलेलें तपासूनच घ्यावयाचें असतें. तथापि केसाच्या आंत तेल सांपडणें ही गोष्ट डोळ्यांना दिसणारी आहे, आणि तिचें कारणही रसायनशास्त्रास पटण्यासारखें आहे.

यांतील व्यवहारांत उपयोगी पडणारी गोष्ट अशी कीं, तेल न्हाण्यापूर्वीं लावावयाचें असतें. पुष्कळजणी न्हाऊन झाल्यावर वरून तेल चोपडतात. त्यानें केस बसतात व चकाकतात. पण धूळही बसते, आणि पाण्यापासून रक्षण व्हावयाचें तें त्या वेळीं होऊन चुकलेलें नसतें. न्हाण्याच्या आधीं दोन-तीन तास, किंवा जमल्यास आदल्या रात्रीं, दोन ते तीन चहाचे चमचे तेल घ्यावें. थंडीच्या दिवसांत खोबरेल थिजतें. तें चुलीवर न ठेवतां वाटी कढत पाण्यांत ठेवून कोमट करावें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तें केवळ टाळूवर न थापतां केसांच्या लांबीवर, आणि विशेषतः जुन्या टोकांवर लावावें. मूळ तर नव्या केसाचें असतें; त्यास तेलाची गरज थोडी. आपल्याकडे टाळूवर तेल जिरविण्यावर जो भर दिला जातो त्यानें डोक्यास शांत वाटतें व झोंप चांगली लागते, यांत शंका नाहीं. पण गरज असते ती वेणीच्या शेंड्याला. आणि ज्यांच्या डोक्यांत कोंडा आहे त्यांनीं तर टाळूवर रात्रभर तेल ठेवूंच नये. कोंड्याच्या मुळाशीं जें सूक्ष्म बुरशीसारखें जंतुद्रव्य असतें, तें तेलकट पदार्थांवरच पोसलें जातें.

माका, ब्राह्मी किंवा जास्वंद घालून तेल उकळण्याची चाल घरोघरीं आहे. त्यांत एक सूक्ष्म कौशल्य आहे तें नव्या पिढीस माहीत नसतें, म्हणून सांगतें. पाल्याचा रस तेलांत घालून मंद आंचेवर ठेवला कीं आधीं फेंस येतो व पाणी आटूं लागतें. पाणी पुरतें आटलें कीं नाहीं हें ओळखण्यासाठीं जुन्या बायका कापसाची वात त्या तेलांत भिजवून पेटवीत. वात तडतडली तर पाणी शिल्लक आहे; मुकाट्यानें जळली तर तेल सिद्ध झालें. पाणी राहिलेलें तेल लवकर बुरसतें. या वनस्पतींनीं तेलास वास व रंग येतो. मार्दव येतें तें मुख्यतः तेलाच्याच गुणानें.

तेलाखालोखाल उपयोगी वर्ग म्हणजे बुळबुळीत पदार्थांचा. जास्वंदीचीं पानें, मेथ्या व जवस या तिहींत पाण्यांत फुगून चिकट रस देणारें द्रव्य असतें. तो रस केसावर पातळ थर करून बसतो व घर्षण कमी करतो. कोंकणांत परसांत जास्वंद असतेच. तिचीं दहाबारा पानें स्वच्छ धुऊन पेलाभर पाण्यांत हातानें चांगलीं चुरावीं. पाणी शेवाळासारखें निसरडें झालें कीं फडक्यानें गाळून घ्यावें. फूल दिसावयास सुंदर, परंतु कामास पानच अधिक चांगलें. केरळांत या रसास ताळी म्हणतात, आणि तिनें केस धुण्याचाच तेथें प्रघात आहे. म्हणजे मळ निघणें व केस मऊ होणें हीं दोन्ही कामें ती अल्प प्रमाणांत करते.

मेथ्या असतील तर दोन मोठे चमचे रात्रीं पेलाभर पाण्यांत भिजत घालाव्या, सकाळीं वाटून फडक्यांतून पिळून काढाव्या, आणि तो रस केसांस लावून अर्ध्या तासानें धुवून टाकावा. न गाळतां लावल्यास त्यांचा चोथा केसांतून काढतांना जी दमछाक होते तिच्यापुढें मऊपणाचा आनंद फिका पडतो. मेथीचा वासही दोन दिवस दरवळत राहतो. परीक्षेच्या आदल्या दिवशीं हा प्रयोग करूं नये.

मला स्वतःला या तिहींत जवस अधिक पसंत आहे. विदर्भांत व मराठवाड्यांत तो चटणीसाठीं घरांत असतोच. दोन मोठे चमचे जवस दोन पेले पाण्यांत घालून मंद आंचेवर आठदहा मिनिटें ढवळीत राहावें. पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखें दाट झालें कीं लगेच, गरम असतांनाच, गाळणींतून किंवा पातळ फडक्यांतून गाळावें. हें न विसरावें. थंड झाल्यावर तो रस इतका चिवट होतो कीं बी वेगळें निघतां निघत नाहीं. निवलेला रस न्हाल्यावर ओल्या केसांस थोडा लावून तसाच वाळूं द्यावा. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांच्या वळ्या यानें नीट बसतात. कुरळ्या केसांच्या मुली फणीशीं झगडून रडकुंडीस येतात, आणि वर्गांत त्यांना नांवें ठेवणारेंही कोणी भेटतें. खरें पाहतां वळलेल्या केसावर मुळाकडचें तेल टोकापर्यंत उतरत नाहीं, एवढाच त्यांचा अपराध असतो. त्यांनीं केस ओले व निसरडे असतांना, रुंद दांतांच्या फणीनें, टोकाकडून आरंभ करून वर वर सोडवीत जावें. बारीक फणी ओल्या केसांत कोणीच घालूं नये. भिजलेला केस ताणला जातो आणि तुटतो.

तांदळाच्या धुवणाची सध्यां मोठी कीर्ति झाली आहे. चीन देशाच्या ग्वांग्शी प्रांतांत ह्वांगलुओ म्हणून एक गांव आहे. तेथील याओ जमातीच्या स्त्रियांचे केस विलक्षण लांब असतात, आणि त्या आंबविलेल्या धुवणानें केस धुतात. यावरून धुवणानें केस लांब होतात असा निष्कर्ष काढला जातो. परंतु त्याच स्त्रिया परंपरेनें आयुष्यांत एकदांच, अठराव्या वर्षीं, केस कापतात, ही गोष्ट सांगणारे बहुधा गाळतात. लांबीचें कारण कात्रीच्या अभावांत शोधावें कीं धुवणांत, हें आमच्या विद्यार्थ्यांनींच ठरवावें. धुवणांतील पिठूळ अंशानें केसांवर हलका थर बसतो व ते कांहीं वेळ भरलेले दिसतात. तो थर वारंवार बसूं दिला तर मात्र ते खळ दिलेल्या कापडासारखे ताठ होतात.

आंबट पदार्थांचें काम निराळें आहे. साबणानें उघडलेल्या खवल्या सौम्य आम्लानें पुन्हा चपट बसतात, आणि चुन्याचा साकाही सुटतो. यासाठीं एक लिटर पाण्यांत एक मोठा चमचा व्हिनेगर, किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घालून, तें पाणी शेवटीं केसांवरून ओतावें व नंतर साधें पाणी घ्यावें. लिंबू डोक्यावर चोळूं मात्र नये. निवळ रस फार तीव्र असतो. त्यानें टाळू चुरचुरते, आणि उन्हांत गेल्यास केसांचा रंग विटतो. दह्यांत आम्ल व स्निग्धता हीं दोन्ही एकत्र असल्यामुळें राठ केसांस दहीं चांगलें मानवतें. अर्धी वाटी घुसळलेलें, गुठळ्या नसलेलें दहीं ओल्या केसांच्या लांबीवर लावून वीस मिनिटांनीं कोमट पाण्यानें धुवावें. फार वेळ ठेवल्यानें गुण वाढत नाहीं, वास मात्र वाढतो. कोंकणांतल्या घरांत नारळाचा पहिला घट्ट रसही असाच लावतात. त्यांत खोबरेलच पाण्यांत विखुरलेलें असतें, म्हणून तोही उत्तम.

अंड्याविषयीं लिहितांना थोडें कठोर व्हावें लागतें. केस प्रथिनाचा, अंडेंही प्रथिनाचें, म्हणून अंडें केसांत जाऊन बसेल, ही कल्पना ऐकावयास गोड आहे. पण अंड्यांतील प्रथिनाचे कण इतके मोठे असतात कीं ते केसाच्या आंत शिरूंच शकत नाहींत. पिवळ्या बलकांतील स्निग्ध द्रव्यानें केस थोडा वेळ मऊ लागतात, इतकेंच. गरम पाण्यानें धुतल्यास पांढरा बलक केसांतच शिजतो, आणि मग त्याचे कण वेंचीत बसावें लागतें. तेंच अंडें उकडून मुलीच्या ताटांत वाढलें तर त्यांतील प्रथिन रक्तावाटें केसाच्या मुळापर्यंत खरोखरच पोहोंचतें.

कांद्याच्या रसाविषयींही असेंच. इराकमधील वैद्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका लहानशा प्रयोगांत चाई पडलेल्या, म्हणजे डोक्यावर गोल चकतीएवढे केस गेलेल्या, रोग्यांपैकीं पुष्कळांस कांद्याच्या रसानें केस आले असें आढळलें. चाई हा एक विशिष्ट विकार आहे. साध्या केसगळतीस किंवा राठपणास तो निष्कर्ष लागू करणें म्हणजे पायांत कांटा मोडला असतां डोळ्यांचें औषध घेणें होय.

लावलेलें धुवावयाचें कशानें, हाही प्रश्न आहेच. शिकेकाई व रिठा या दोहोंत पाण्यांत फेंस करणारें द्रव्य असतें, आणि शिकेकाईचें पाणी किंचित् आंबट असल्यामुळें खवल्या उघडत नाहीं. रिठ्याच्या शास्त्रीय नांवांतच हिंदुस्थानचा साबण असा अर्थ दडलेला आहे. सातआठ शेंगा व तीनचार रिठ्यांचीं टरफलें रात्रीं भिजवून सकाळीं उकळावीं व गाळून घ्यावीं. त्यांत वाळलेला आवळा घालावयाचा असल्यास आणि केसांस काळसर झांक हवी असल्यास भांडें लोखंडी घ्यावें. आवळ्याचा तुरटपणा व लोखंड यांच्या संयोगानें काळा रंग होतो, आणि हिरडा व हिराकस यांची जुनी शाई याच क्रियेनें होत असे. डोळे मात्र घट्ट मिटावे, कारण या पाण्याचा थेंब डोळ्यांत गेला कीं लहान मुलें घर डोक्यावर घेतात व पुढच्या रविवारीं न्हाणीघराकडे फिरकत नाहींत. जातां जातां सांगावयास हरकत नाहीं कीं, "शांपू" हा शब्द हिंदीतील चांपणें, म्हणजे चेपणें, यावरूनच इंग्रजींत गेला. पाटण्यास जन्मलेल्या शेख दीन महंमद नांवाच्या गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील ब्रायटन येथें अंग चेपण्याचें स्नानगृह काढलें, आणि ते तेथील राजाचे चेपणारे झाले. केस धुण्याचा अर्थ त्या शब्दास मागाहून चिकटला.

येथवर वाचून कोणी असें समजूं नये कीं घरचें तें सर्व चांगलें व बाजारचें तें सर्व विषारी. झिजलेल्या केसावर ऋण विद्युत्भार असतो, व बाजारांतील कंडिशनरमध्यें धन भाराचे कण असतात. ते जेथें झीज अधिक तेथेंच अधिक चिकटतात. ही युक्ति आपल्या कोणत्याही डब्यांतील पदार्थास साधत नाहीं. ज्या मुलीचे केस रंग देऊन किंवा तापलेल्या यंत्रानें सरळ करून पोळले आहेत, तिला साधें बाजारी कंडिशनर घरच्या लेपाहून अधिक उपयोगी पडेल. उलट, जिचे केस निरोगी आहेत तिनें महाग बाटलीसाठीं आईवडिलांस गळ घालण्याचें कारण नाहीं.

आतां दोन शब्द पालकांसाठीं. मुलीचे केस राठ आहेत व मुलीचे केस गळतात, या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. पहिलीचा उपाय स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर आहे. दुसरीचा तेथें नाहीं. दिवसास पन्नास ते शंभर केस गळणें स्वाभाविक आहे. त्याहून अधिक गळत असतील, तर दोन-तीन महिन्यांपूर्वीं मुलीस विषमज्वर, डेंग्यू किंवा दुसरा मोठा ताप येऊन गेला होता काय, हें आठवून पाहावें. तसें असल्यास ते केस बहुधा कांहीं महिन्यांत आपोआप परत येतात. ताप आलेला नसेल तर रक्त तपासून घ्यावें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या दर शंभर मुलींपैकीं ५९ मुलींच्या रक्तांत कमतरता आढळली. शरीरांत लोह कमी असलें कीं केस गळूं लागतात, आणि त्याबरोबर थकवा येतो, जिना चढतांना धाप लागते, अभ्यासांत मन लागत नाहीं. अशा मुलीच्या डोक्यावर महिनोन् महिने लेप थापीत बसणें म्हणजे मुळाशीं पाणी नसलेल्या रोपाचीं पानें पुसणें होय. तिला वैद्याकडे न्यावें.

उवा झाल्या असतां रॉकेल लावण्याची जुनी चाल कांहीं घरांत अजून ऐकूं येते. ती सर्वथा सोडावी. तें त्वचेस भाजतें, आणि त्याच डोक्यानें मुलगी चुलीजवळ गेली तर अनर्थ होतो. उवांसाठीं औषधाच्या दुकानांत योग्य औषध मिळतें; शिवाय ओल्या केसांस खोबरेल लावून लिखांच्या बारीक फणीनें दर तीनचार दिवसांनीं विंचरणें हा उपाय कष्टाचा असला तरी निर्धोक आहे. "काळी मेहंदी" म्हणून जी पूड मिळते तीही तितकीच जपून घ्यावी. मेहंदीच्या पानाचा रंग नारिंगी-तांबडा असतो, काळा कधींच नसतो. काळा रंग ज्या रसायनानें येतो त्यानें कित्येकांच्या टाळूस व चेहऱ्यास सूज येऊन फोड उठतात.

शेवटीं, कोणताही नवा पदार्थ, मग तो मेथीसारखा निरागस कां असेना, प्रथम कोंपराच्या आंतील बाजूस थोडा लावून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आली तर तो आपला नव्हे असें समजावें. जास्वंदीचा व मेथीचा रस त्याच दिवशीं वापरावा. जवसाचा रस स्वच्छ बाटलींत भरून फ्रिजमध्यें ठेवल्यास आठवडाभर टिकतो, आणि त्यास आंबूस वास आला कीं ओतून टाकावा. दहीं व मेथी यांचा चोथा न्हाणीघराच्या मोरींत न सोडतां झाडाच्या आळ्यांत घालावा. मोरी तुंबल्यास ती उपसण्याचें काम ज्यानें लेप लावला त्याचेंच.